सहाशे जीबी एकाच नावावर

गावाचं आणि कॉलेजचं नाव लिहीत नाही. यवतमाळ जिल्हा, तालुक्याचं ठिकाण, एवढं पुरे आहे. तिथल्या कॉलेजात मी संगणक विभाग बघते. बघते म्हणजे दिवसाचे तीन तास शिकवते आणि उरलेल्या वेळात सगळ्या टेबलांवरचे कॉम्प्युटर, तीन प्रिंटर आणि एक सर्व्हर चालता ठेवते.

सर्व्हर लॅबच्या मागच्या अरुंद खोलीत, लाकडी स्टुलावर आहे. कॉलेजातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर 'झेड' नावाचा जो ड्राइव्ह दिसतो, तो खरा या काळ्या डब्यात असतो. ऑफिसची पत्रं, परीक्षेचे गुण, ग्रंथालयाच्या याद्या, सगळं तिथे. "झेडमधी टाकून दे" हे वाक्य आमच्याकडे चहाच्या कपाइतक्या वेळा ऐकू येतं.

मार्चमधल्या एका सोमवारी झेड भरला. सातशे जीबीपैकी अकरा उरले होते. अंतर्गत गुण विद्यापीठाकडे पाठवायचा तोच आठवडा. शेवटची मुदत बुधवारी संध्याकाळी पाच. मी वहीत नोंद केली आणि प्राचार्यांना सांगायला गेले.

"पोरं पिक्चर टाकत असतील," प्राचार्य म्हणाले.

"विद्यार्थ्यांना झेड उघडतच नाही, सर."

"मग दिवसभर लॅबमध्ये कोण बसते?"

उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"शुक्रवारी समितीची बैठक आहे. त्याची ऑर्डर त्यात आहे," ते म्हणाले. "त्याआधी मला कागदावर पाहिजे, झेड कोण भरून राहिलं. तोंडी नको."

तो म्हणजे आमचा लॅब असिस्टंट. चाळिशीच्या अलीकडचा, घाटंजीचा. वडिलांचं तिथे पाण्याच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान होतं, त्यामुळे याच्या हाताला तारांची ओळख लहानपणापासून. अकरा वर्षं कंत्राटावर होता. दर वर्षी अकरा महिन्यांची ऑर्डर, मग पुन्हा बैठक, पुन्हा ऑर्डर. घरी बायको, दोन मुली, वडील. कोणत्या कॉम्प्युटरला कुठे थाप मारली की चालू होतो हे मला माहीत नव्हतं, त्याला होतं. सगळे त्याला भाऊ म्हणायचे, मीही.

सोमवारी दुपारपर्यंत माझा त्याच्यावर भरवसा होता, असं मी म्हणत आले आहे. पण तसं असतं तर दुपारी इतक्या भराभर गोष्टी आठवल्या नसत्या. परवा मी लॅबमध्ये शिरले तेव्हा त्यानं स्क्रीनवरची खिडकी झटकन खाली केली होती. मागच्या आठवड्यात गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर त्यानं एका अनोळखी माणसाला पेन ड्राइव्ह दिला. त्या माणसानं तो शर्टाच्या खिशात टाकून वर बटण लावलं. पेन ड्राइव्हसाठी कोण बटण लावतं? रविवारी लॅबची किल्ली त्याच्याकडे असते. आणि क्रीडा शिक्षक त्याला व्हरांड्यात विचारत होते, "भाऊ, माहं ते झालं का?" मला पाहून दोघंही हळू बोलू लागले.

चार मुद्दे. मी ते वहीत वार आणि वेळेसकट लिहून काढले. संशयाचं हे एक आहे, तो घेतला की सामान आपोआप जमा होतं.

बडे बाबूंशी, म्हणजे आमच्या हेड क्लार्कशी, मी सहज बोलले. ते आमच्या कॉलेजातले सर्वांत जुने. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "म्या काय सांगू मॅडम? मानूस चांगला हाय. पन ह्या लोकाइचं..." आणि थांबले.

'ह्या लोकांचं' म्हणजे कंत्राटी लोकांचं, की आणखी कोणाचं, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं. विचारलं नाही. मान हलवली आणि निघून आले. वहीतल्या त्या दिवसाच्या पानावर हे नाही. आता लिहिते आहे.

मंगळवारी सकाळी साडेसातला मी कॉलेजात पोचले. यवतमाळहून पहिली एसटी पकडली होती. कॉलेज उघडायच्या आत काम उरकायचं होतं, कारण मोजणी चालू असताना कोणी फाइल लिहिलेली चालत नाही. आणि खरं कारण दुसरं होतं. मला ते कोणाच्या नकळत बसवायचं होतं.

बसवायचं होतं ते 'कोटा' नावाचं साधन. सोप्या भाषेत, सर्व्हरवर प्रत्येक माणसाचं एक खातं असतं आणि प्रत्येक फाइलीवर ती लिहिणाऱ्या खात्याचं नाव असतं. कोटा त्या नावावरून मोजतो, कोणी किती जागा घेतली. हवी तर मर्यादा घालता येते. एक रेघ समज देणारी असते; ती ओलांडली तर सात दिवसांची सवलत. दुसरी रेघ म्हणजे भिंत. तिथे पोचल्यावर त्या माणसाला पुढे एक अक्षरही साठवता येत नाही.

साधन नेटवरून उतरवून घेतलं. ड्राइव्हच्या नोंदीत एक शब्द वाढवला. मोजणी सुरू केली आणि जेवणाचा डबा उघडून खालच्या खणातली पोळी खाल्ली. वीस मिनिटांनी अहवाल स्क्रीनवर आला.

नऊ खाती होती. सहा वर्षांपूर्वी कोणीतरी निकालाची फाइल पुसली होती, तेव्हापासून मी नवीन खात्यासाठी फॉर्म सुरू केला होता: फोटो, विभागप्रमुखांची सही, प्राचार्यांची सही, दोन प्रती. त्यानंतर फारसे अर्ज आलेच नव्हते. कमी खाती म्हणजे शिस्त, असं मला वाटायचं. यादी छोटी असली की मला बरं वाटतं.

माझ्या नावावर चाळीस जीबी. तीन-चार प्राध्यापकांच्या नावावर किरकोळ. आणि त्याच्या नावावर सहाशे दहा.

मला आश्चर्य वाटलं नाही, हे मी कबूल करते. समाधान वाटलं. आपला अंदाज आकड्यांत उतरला की जे वाटतं ते.

मी एक पानी अहवाल टाइप केला. मोजक्या शब्दांत: तपासणी केली, अमुक खात्यावर अवाजवी जागा आढळली, खातेदार लॅब असिस्टंट. खाली सही. तो बडे बाबूंकडे दिला. त्यांनी आवक क्रमांक घातला, शिक्का मारला आणि त्याच्या फाइलीला लावला. मग संध्याकाळी, सगळे निघाल्यावर, मी पुन्हा मागच्या खोलीत गेले आणि त्याच्या खात्याला भिंत घातली. सहाशे जीबी. म्हणजे तो आधीच दहानं पलीकडे होता; आता एक पिक्चर काय, एक फोटोही ठेवता येणार नव्हता. मी त्याला काही सांगितलं नाही. ठेवायला जाईल, अडेल, मग माझ्याकडेच येईल. आला की विचारायचं, असा बेत होता.

तो आला नाही.

बुधवारी सकाळी दहाला बडे बाबू आले. "मॅडम, माहं पत्र सेव्ह होऊन नाही राह्यलं. जागा नाही म्हनते."

मी म्हटलं, बघते.

साडेदहाला क्रीडा शिक्षक. मग ग्रंथालयातून फोन. मग परीक्षा विभागाच्या मॅडम स्वतः धावत आल्या, हातात पेन तसंच. "गुणांची शीट सेव्हच होत नाहीये. बंद केली तर जाईल. मी तशीच उघडी ठेवून आलेय. पाचपर्यंत पाठवायचीये!"

ज्याला अडवायचं होतं तो सोडून सगळे येत होते. तो समोर लॅबमध्ये प्रिंटरचं झाकण उघडून अडकलेला कागद ओढत होता.

पहिला विचार काय आला असेल? हाच, की त्यानं सूड म्हणून काहीतरी केलं. भिंत घातल्याचं त्याला कळलं आणि त्यानं सगळ्यांचं बंद पाडलं. एवढं त्याला येतं का, हा प्रश्न दुसरा आला.

मी बडे बाबूंच्या टेबलाशी गेले. झेडवर उजवी कळ दाबली. कोणत्या नावानं जोडला आहे ते तिथे दिसतं. भाऊचं नाव होतं. क्रीडा शिक्षकांच्या कॉम्प्युटरवर गेले, त्याचंच नाव. ग्रंथालयात त्याचंच. परीक्षा विभागातही त्याचंच. एकेका टेबलाला टिक करत मी गेले आणि सतराव्या टेबलानंतर वही बंद केली.

कॉलेजात चाळीसेक माणसं काम करतात आणि खाती नऊ. उरलेले झेडमध्ये टाकतात कसे, हा प्रश्न सहा वर्षांत मी एकदाही विचारला नव्हता. आणि याद्या करते म्हणून माझी ख्याती.

मी त्याला मागच्या खोलीत बोलावलं. "भाऊ, प्रत्येक टेबलावर तुमच्या नावानं झेड का लावलाय?"

त्यानं हात पुसले. "मंग कोनाच्या नावानं लावू, मॅडम?"

"ज्याच्या त्याच्या. फॉर्म आहे ना."

"तुमच्या फॉर्मचं नका काढू," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच हसला. "बडे बाबूले म्या सांगतलं होतं, मॅडमचा फॉर्म भरा. थे म्हने, फोटो काढाले यवतमाळले जाऊ का? दोन सह्या, दोन कागद, तवरोक माहं रिटायरमेंट होऊन जाईन. तुह्याच नावानं लावून दे. मंग त्याइचं पाहून खेळाचे सर आले. मंग लायब्ररी. मंग कोनी इचारेच ना, सरळ म्हने, भाऊ, झेड लावून दे."

"आणि तुम्ही लावून दिलात."

"नाई म्हनाले मी काय परमनंट हाय का?"

तो माझ्या चेहऱ्याकडे पाहत होता.

"झालं काय मॅडम? तुमी काहून इचारून राह्यल्या?"

मी त्याला सांगितलं. साधन बसवलं ते, त्याच्या नावावर सहाशे दहा दिसले ते, भिंत घातली ते. अहवालाचं शेवटी सांगितलं. फाइलीला लावला आहे, हेही.

तो म्हणाला, "माह्या फाइलले?"

"हो."

"शुक्रवारच्या?"

"हो."

"एकदा इचारलं असतं," एवढंच तो म्हणाला. आवाज चढला नव्हता.

तेवढ्यात प्राचार्यांचा शिपाई आला. सरांनी बोलावलंय. परीक्षा विभागाच्या मॅडम तिथे आधीच उभ्या होत्या. प्राचार्यांनी मला बसू दिलं नाही. "ते जे काय तुम्ही बसवलं ना, ते काढून टाका. आत्ताच्या आत्ता. गुण गेले पाहिजेत."

खरं तर काढायची गरज नव्हती. त्याची मर्यादा वाढवली असती तरी दोन मिनिटांत सगळं चालू झालं असतं. मला ते येत होतं. पण मला ते साधनच नको होतं आता. मी केलेलं मला पुसायचं होतं. म्हणून मी घाईत मागच्या खोलीत गेले आणि साधन सर्व्हरवरून काढून टाकलं. गेलं. परीक्षा विभागात फोन केला, करा सेव्ह.

"नाही होत."

"पुन्हा करा."

"मॅडम, तेच म्हणतंय. जागा नाही."

मग लक्षात आलं, की क्रम चुकला. ते साधन म्हणजे फक्त हत्यार आहे. मर्यादा पाळायचं काम सर्व्हर स्वतः, आतून करतो. आधी त्याला सांगायचं की आता पाळू नकोस, मग हत्यार काढायचं. मी हत्यार आधी काढलं. आता भिंत तशीच उभी आणि ती पाडायला हातात काही नाही. कागदावर हा क्रम मी विद्यार्थ्यांना तीन वेळा शिकवला आहे.

सर्व्हर बंद करून चालू केला असता तर बहुधा सुटलं असतं. पण आमचा तो डबा मागच्या वेळी बंद केला होता तेव्हा उठायला दोन दिवस लागले होते. त्या दिवशी तो धोका घ्यायची माझी हिंमत नव्हती. दुसरा मार्ग एकच: काढलेलं साधन पुन्हा उतरवून बसवायचं आणि मग नीट बंद करायचं. आणि नेट गेलेलं. रस्त्याच्या कामात कुठेतरी केबल कापली होती, हे सकाळीच कोणीतरी सांगितलं होतं. घड्याळात पावणेतीन.

भाऊ दारात उभा होता. कधीपासून ते माहीत नाही.

"माह्या मोबाइलमधी नेट हाय," तो म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहिलं. आता हेही लिहिते, कारण नाही लिहिलं तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही: त्याचा फोन सर्व्हरला जोडायचा म्हटल्यावर माझ्या मनात आलं, याला आत काही पुसायचं तर नाही ना? अर्ध्या तासापूर्वी मी त्याची माफी मागायच्या बेतात होते.

त्याला ते दिसलं असावं. त्यानं फोनला वायर लावली, फोन स्टुलावर ठेवला आणि तीन पावलं मागे सरकून भिंतीला टेकला. हात छातीवर बांधले. "तुमीच करा. मी हातबी लावत नाही."

त्याच्या फोनच्या नेटवर ते साधन पुन्हा उतरलं. त्याच्या खात्यावरची भिंत पाडायला त्याचाच फोन. मी या खेपेला वहीत आधी क्रम लिहिला: आधी बंद, मग ड्राइव्हच्या नोंदीतला शब्द काढणे, मग मोजणीची फाइल पुसणे, सगळ्यात शेवटी साधन. एकेक ओळ करत टिक करत गेले. परीक्षा विभागात फोन केला.

"झालं! झालं सेव्ह!" मॅडम ओरडल्या. मागून कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

गुण साडेचारला गेले, परीक्षा विभागातल्या कोणाच्या तरी फोनवरून. त्यानं आपल्या फोनची वायर काढून गुंडाळली आणि विचारलं, "माह्या फाइलचं काय, मॅडम?"

"मी कागद परत घेते."

"परत भेटते का?"

मी बडे बाबूंकडे गेले. त्यांनी आवक रजिस्टर माझ्याकडे फिरवलं आणि क्रमांकावर बोट ठेवलं. "हे पाहा. नंबर पडला. नंबर पडलेला कागद फाइलमधून निंगत नाही. निंगाला तर मीच जाईन."

"चुकीचा आहे तो."

"मंग बरोबर कागद आना. त्याच्यावर लावू. खालचा खालीच राहीन."

गुरुवारचा दिवस मी त्या सहाशे दहा जीबीत घालवला. आता नावावर विसंबायचं नव्हतं. एकेक फोल्डर उघडलं, कोणाचं आहे ते पाहिलं, लिहिलं. क्रीडा शिक्षकांच्या कबड्डीच्या स्पर्धा होत्या, चार वर्षांच्या, अख्ख्या. बडे बाबूंच्या पुतण्याचं लग्न होतं: साखरपुडा, हळद, लग्न, स्वागत समारंभ, आणि वरातीचं दोन कॅमेऱ्यांनी घेतलेलं वेगवेगळं. ग्रंथालयाचे स्कॅन एकाच पुस्तकाचे तीन-तीनदा होते, 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल नवीन दोन'. आणि सगळ्यात मोठं फोल्डर म्हणजे प्राचार्यांच्या यवतमाळातल्या नवीन घराची वास्तुशांती. ड्रोननं काढलेली. एकशे नव्वद जीबी. घराच्या वरून, मागून, गच्चीवरच्या टाकीभोवती.

मी ते आकडे दोनदा तपासले. नंतर तिसऱ्यांदाही, कारण चूक निघाली असती तर मला हवी होती.

त्याचं स्वतःचं फोल्डर बारा जीबीचंही नव्हतं. लॅबचं वेळापत्रक, प्रिंटरचे सॉफ्टवेअर, आणि 'ऑर्डर' नावाचं एक फोल्डर. त्यात अकरा स्कॅन. अकरा वर्षांचे नेमणूक आदेश, प्रत्येक सरळ, प्रत्येकाची मागची बाजूही. मला ते उघडायची गरज नव्हती, आणि तरीही मी सगळे उघडून पाहिले. दहावं पाहताना कळलं की मी अजूनही काहीतरी शोधते आहे.

दुसरा अहवाल टाइप करायला मला वेळ लागला नाही. यादी तयारच होती. वेळ लागला तो पहिल्या ओळीला. पहिल्या ओळीत प्राचार्यांचं पद होतं.

बडे बाबूंनी कागद वाचला आणि शिक्का उचललाच नाही. "मॅडम, पयल्या नंबरावर कोन हाय ते पाह्यलं का?"

"मीच लिहिलंय."

"मंग पुना एकदा पाहून घ्या." त्यांनी आवाज खाली आणला. "दुसऱ्या नंबरावर मी हावो, त्याचं काही नाही. पन दोघाइलेबी 'इतर' मधी टाकता येते न? इतर, किरकोळ. कोन पाहाले येते?"

"समिती पाहील. त्यांना पहिल्या कागदात एकच नाव दिसेल."

"त्याची ऑर्डर काय, पुढच्या वर्षीबी निंगते. तुमाले इथं रिटायर व्हाचं हाय."

"त्याच्या घरी पुढच्या वर्षीपर्यंत कोण बघणार, बाबू? तुम्ही?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग शिक्का शाईत दाबला, तो कागदावर इतक्या जोरात मारला की रजिस्टर हललं. "घ्या. लावला. आता मले काही इचारू नका."

प्राचार्यांनी तो शुक्रवारी, बैठकीच्या तासभर आधी वाचला. मी समोर उभी होते.

"ड्रोनवाल्यानं दिलं. मी म्हटलं ठेवा कुठेतरी. कुठे ठेवलं मला काय माहीत?" ते म्हणाले.

"तेच मी लिहिलंय, सर. ठेवलं कोणाचं आणि नाव कोणाचं."

"हे कोणी कोणी पाहिलं?"

"बडे बाबूंनी. आवक क्रमांक पडलाय."

त्यांनी कागद खाली ठेवला आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की ती नजर मी लगेच ओळखली. मी स्वतः सोमवारपासून तसंच पाहत होते. "तुम्हाला हे कोणी करायला सांगितलं?"

"तुम्हीच, सर. कागदावर पाहिजे म्हणालात."

त्यांनी ड्रॉवरमधून पेन काढलं, शेरा लिहिला, मला दिसणार नाही असा कागद फिरवला आणि फाइल बंद केली. बैठकीत काय बोलणं झालं ते मला कोणी सांगितलं नाही. दोन्ही कागद आत गेले एवढं बडे बाबूंनी सांगितलं, तेही मी विचारल्यावर.

शनिवारी भाऊनं आपल्या खात्याचा पासवर्ड बदलला. सकाळी अकराच्या आत कॉलेजातले सगळे झेड बंद पडले आणि माझ्या दाराशी रांग लागली. मी फॉर्म एका ओळीचा केला होता: नाव, विभाग, सही. फोटो नाही. दुपारपर्यंत एकतीस खाती उघडली. क्रीडा शिक्षकांनी रांगेत उभं राहून विचारलं, "कायले नवीन नवीन लफडे करता, मॅडम? भाऊच्या नावानं बरं चाललं होतं."

"तुमच्या कबड्डीला भाऊ जबाबदार होता ना, म्हणून."

"माह्या कबड्डीनं काय केलं आता?"

कोटा मी सोमवारी पुन्हा बसवला. आधी सूचनाफलकावर कागद लावला, मग बसवला. प्रत्येकाची मर्यादा त्यात लिहिली होती, प्राचार्यांचीही. ड्रोनचं फोल्डर त्याआधीच कोणीतरी काढून नेलं होतं.

पेन ड्राइव्हचं मला आजतागायत कळलं नाही. त्या माणसानं शर्टाचं बटण का लावलं, त्या दिवशी खिडकी का खाली केली, हे सगळं साधं असणार. बहुतेक साधंच. ते विचारायचा हक्क मी त्या मंगळवारी घालवला.

भाऊनं माझ्याकडे मात्र दोन गोष्टी मागितल्या. दोन्ही अहवालांच्या झेरॉक्स, आणि त्यांवर 'मूळ प्रतीप्रमाणे' असा शिक्का. "खालचाबी पायजे," तो म्हणाला. "वरचा एकला दिसला तर लोक इचारतीन, खाली काय हाय." मी दोन्ही आणून दिल्या. त्यानं त्या प्लास्टिकच्या पिशवीत घातल्या आणि पिशवी शर्टाच्या आत.

ऑर्डर पुढच्या गुरुवारी आली. मी ती स्वतः घेऊन लॅबमध्ये गेले. बडे बाबूंच्या हातून जायला नको असं वाटलं. अकरा महिने, नेहमीसारखे. तो खुर्चीवर बसला, बोट ओळीखाली धरून सगळी वाचली. मग पुन्हा पहिल्यापासून. शेवटच्या सहीपाशी थांबला, कागद उलटा केला आणि मागचं कोरं पान उजेडात धरून पाहिलं.

"काही राहिलंय का, भाऊ?"

"नाई, मॅडम," तो म्हणाला. "पाहून घेतलेलं बरं."